‘व’चे पोट

सभागृहाच्या वाट्याला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आल्या होत्या. मंगळवारी आरोग्यसंध्या आणि गुरुवारी ज्ञानसंध्या. मंगळवारी लोक गुडघे घेऊन येत, कंबर घेऊन येत, मान घेऊन येत, आणि जागा धरायला खुर्चीवर रुमाल टाकून पुन्हा खाली गप्पा मारायला जात. गुरुवारी लोक येत नसत.

अगदीच येत नसत असे म्हटले तर कार्यवाहांवर अन्याय होईल. एक निवृत्त पोस्टमास्तर येत. त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे त्यांची कुठल्याच विषयाला हरकत नसे. दोन मैत्रिणी फेरफटका झाल्यावर पंख्याखाली घाम वाळवायला येत आणि घाम वाळला की जात. शिवाय राखणदार असे, कारण शेवटी कुलूप त्यालाच लावायचे असे. मुंग्यांच्या समाजजीवनावरच्या व्याख्यानात वक्ता म्हणाला की आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल, तेव्हा राखणदाराने मागे वळून पाहिले होते.

ज्ञानसंध्येचे सगळे काही कार्यवाहच बघत. वक्ता शोधायचा त्यांनी, आणायचा त्यांनी, त्याचा परिचय त्यांनीच करून द्यायचा, त्याचे आभार त्यांनीच मानायचे, आणि मधल्या काळात टाळ्या सुरू करायच्या त्याही त्यांनीच. विमा कचेरीतून ते निवृत्त झाले तेव्हा आपल्यावाचून कचेरीचे काडीइतकेही अडलेले नाही हे त्यांना कळले होते. गुरुवार हा एकच दिवस असा होता की त्या दिवशी ते नसते तर काहीतरी झाले नसते. लोकांना ते झाले नसते तरी चालले असते, हा भाग वेगळा. घरी बायकोसुद्धा त्यांना ‘कार्यवाह’च म्हणे. सुरुवातीला ते टोमण्यादाखल होते, पुढे जिभेला वळण पडले.

आणि हा गुरुवारच आता जायच्या बेतात होता.

संस्थेचे अध्यक्ष इमारती बांधणारे होते. रिकामी जागा दिसली की त्यांना स्वस्थ बसवत नसे, मग ती जागा रस्त्याच्या कोपऱ्यावरची असो की ज्ञानसंध्येतली. समितीच्या बैठकीत त्यांनी शांतपणे सांगितले की मंगळवारी दाराबाहेर माणसे उभी असतात आणि गुरुवारी पंखे फुकट फिरतात. येत्या गुरुवारी निम्म्या खुर्च्या भरल्या तर ठीक, नाहीतर गुरुवारही आरोग्याला देऊन टाकू. नावसुद्धा त्यांच्या डोक्यात तयार होते. गुडघे-गुरुवार. समितीतल्या सगळ्यांना नाव फार आवडले. कार्यवाहांनी इतिवृत्तात ते लिहूनही घेतले, कारण इतिवृत्त लिहायचे कामही त्यांचेच होते.

आता एका आठवड्यात निम्म्या खुर्च्या भरील असा वक्ता आणायचा कुठून? ग्रहताऱ्यांवर बोलणाऱ्या गृहस्थांना सर्दी होती. जुन्या नाण्यांवर बोलणाऱ्यांनी मागच्या वेळची गर्दी आठवून नकार दिला. शेवटी कार्यवाहांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताईचे यजमान साहित्याचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांचे बोलणे ऐकायला घरात ताईशिवाय कोणी नव्हते. ताई म्हणाली, “अरे, तू त्यांना बोलव. मी पाया पडते तुझ्या. काल धोबी कपडे न्यायला आला तर त्याला अर्धा तास अलंकार समजावून सांगत होते. तो आता बेल न वाजवताच जातो.”

तेव्हा भाऊजी ठरले. त्यांनी विषयही लगोलग दिला. ‘वाचनाच्या वाटेतील अडथळे : कारणे आणि उपाय’. बायकोने तो ऐकला आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, “अडथळे कसले, तुमच्या गुरुवारी वाट मोकळीच असते.”

विषय कागदावर लिहून कार्यवाहांनी तो फलक छापणाऱ्याच्या दुकानात नेऊन दिला. कार्यवाहांचे अक्षर वळणदार होते, पण त्यांच्या ‘व’चे पोट मिटत नसे. हात पुढच्या अक्षराकडे घाईने धावे, वरची गाठ उघडीच राही आणि ‘व’चा चक्क ‘प’ होई. याच कारणाने घरात एकदा वाटीऐवजी पाटी आली होती आणि बायकोने त्यांना त्या पाटीतच आमटी वाढीन म्हणून बजावले होते. फलकवाला मात्र समजूतदार माणूस होता. त्याने कागद वाचला तेव्हा त्याला दिसले ‘पाचनाच्या पाटेतील अडथळे’. आता ‘पाटेतील’ला काही अर्थ नाही, म्हणून ते त्याने आपल्या अकलेने ‘वाटेतील’ असे सुधारले. ‘पाचनाच्या’ला अर्थ होता. अडथळे, कारणे आणि उपाय म्हटल्यावर तर तो फारच लख्ख दिसत होता. फलक उठून दिसावा म्हणून त्याने आपल्या पदरचे एक रंगीत आतडेही मध्यभागी टाकले आणि त्याबद्दल काही जादा घेतले नाही. बुधवारी सकाळी त्याच्याच माणसाने फलक फाटकावर नेऊन बांधला.

शुद्ध शब्द ‘पचन’ आहे, ‘पाचन’ नव्हे, हे ओळखणारा एकही माणूस त्या रस्त्याने गेला नाही. गेला असता तर चूक तिथेच उघडकीला आली असती. पण असा माणूस त्या भागात एकच होता आणि तो गुरुवारी बोलणार होता.

कार्यवाह स्वतः बुधवारभर खुर्च्या पुसत होते आणि सभागृहात मागच्या गल्लीतून, धोब्याच्या दुकानाशेजारच्या दाराने ये-जा करत होते, कारण दिवसा किल्ली धोब्याकडे असे. त्यामुळे फलक त्यांनी पाहिला नाही. त्यांनी पाहिली ती माणसे. बुधवारी औषधाच्या दुकानदाराने त्यांना रस्त्यात थांबवून सांगितले की इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कामाचा विषय घेतलात. मग आवाज खाली आणून विचारले, की खासगी प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिले तर चालतील का? कार्यवाह भारावले. वाचनाबद्दल माणूस इतका लाजतो, म्हणजे त्याला आत कुठेतरी खंत आहे, असे त्यांच्या मनात आले. संध्याकाळी बायकोने बातमी आणली की मंगळवारच्या सगळ्या बायका झाडून येणार आहेत. नवऱ्यांनाही आणणार आहेत, कारण खरा त्रास नवऱ्यांनाच आहे. “हो ना,” कार्यवाह म्हणाले, “बायका तरी मासिकं चाळतात. पुरुषांनी सोडूनच दिलंय.” बायकोने त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले, पण घरात हे रोजचेच असल्यामुळे काही विचारले नाही.

रात्री जेवताना कार्यवाहांनी मोठ्या समाधानाने सांगितले की लोकांना उगीच नावे ठेवू नयेत. समाज मुळात सुसंस्कृत असतो, त्याला हाक मारावी लागते एवढेच.

गुरुवारी ते भाऊजींना आणि ताईला घेऊन आले तेव्हा फाटकापाशी दुचाक्यांची एवढी दाटी होती की रिक्षा मागच्या गल्लीतच थांबवावी लागली. भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दाटी पाहून ते म्हणाले, “मेहुणेबुवा, शेजारी कुणाचं लग्न आहे का?” कार्यवाह म्हणाले, तुमच्यासाठीच आहेत सगळे. भाऊजींनी सदऱ्याची बाही उगाचच नीट केली. ताईने भावाचा हात घट्ट दाबला.

आत खुर्च्या भरल्या होत्या. खिडक्यांतही माणसे बसली होती. पोस्टमास्तरांना त्यांची नेहमीची जागा मिळाली नव्हती, म्हणून ते राखणदाराला दटावत होते. मागच्या दारातही माणसे दाटली होती, म्हणून कार्यवाह धोब्याकडून आणखी बाके आणायला पुढच्या फाटकाने बाहेर पडले, आणि वर पाहिले.

आतडे फार ठसठशीत आले होते.

बाके तशीच राहिली. कार्यवाह धावत आत आले, पण गर्दी पाहून अध्यक्षांना इतका हुरूप आला होता की कार्यवाहांची वाट न पाहता त्यांनी स्वतःच परिचय उरकून टाकला होता. हा विषय प्रत्येक घरात आहे, पण त्यावर मोकळेपणाने बोलतो कोण, असा सवाल त्यांनी केला होता आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. कार्यवाहांनी सुरू न केलेल्या टाळ्या त्या सभागृहात प्रथमच ऐकू येत होत्या. भाऊजी बोलायला उभे राहिले होते.

आता सांगावे तर निम्म्या खुर्च्या जागच्या जागी रिकाम्या होणार आणि गुरुवार गुडघ्यांना जाणार. न सांगावे तर भाऊजींचे काय होईल ते देवालाच ठाऊक. कार्यवाह मागच्या रांगेत बायकोशेजारी जाऊन टेकले आणि त्यांनी तिला कानात घडले ते सांगितले.

“म्हणजे पोटाबद्दल नाही?” बायको कुजबुजली. “फलक बघून मला वाटलं विषय बदललात, भाऊजी स्वतःच्या अनुभवावरून बोलणार आहेत. वन्सं मागे म्हणाल्या होत्या ना, त्यांना सकाळी किती वेळ लागतो.”

भाऊजींची एक सवय होती. ज्या विषयावर बोलायचे त्याचे नाव पहिल्या अर्ध्या तासात तोंडातून काढायचे नाही. नाव घेणे त्यांना ढोबळपणाचे वाटे. आणि चुकून एखाद्या वेळी ते घेतलेच, तरी सभागृहाचा ध्वनिक्षेपक जुना होता. त्यात ‘प’ आणि ‘व’ दोन्ही सारखेच फुटत.

“आपण सगळेच हे करतो,” भाऊजींनी सुरुवात केली. “निदान करायला हवं. पण कसं करतो? घाईत. उरकून टाकल्यासारखं.”

सभागृहातून समजुतीचा एक सुस्कारा उमटला.

सकाळच्या वेळी, मन शांत असताना, एका जागी बसावे, असे ते पुढे म्हणाले. हातात फोन नको. फोन घेऊन बसले की वेळ जातो आणि निष्पन्न काही होत नाही. इथे बऱ्याच बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिले. लगेच काही साधले नाही म्हणून उठू नये, बसून राहावे, जोर तर मुळीच करू नये. जड असेल ते एकदम अंगावर न घेता थोडे थोडे घ्यावे. लोक वह्यांवर, पाकिटांवर, बसच्या तिकिटांच्या पाठीवर लिहून घेत होते. भाऊजींनी ते पाहिले. सगळी नोकरी त्यांनी खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलांसमोर काढली होती.

“आमचे आजोबा,” ते म्हणाले, “ओसरीवर बसून करायचे. मोठ्याने. सगळ्या आळीला ऐकू जायचं. शेजारीपाजारी मुद्दाम येऊन बसायचे.”

जुन्या पिढीबद्दल प्रत्येकाला आदर होता, पण त्यालाही मर्यादा असते.

“आता लोक लाजतात. मी नाही लाजत. मी बसमध्ये करतो. जागा नसेल तर उभ्याउभ्या करतो. लोक बघतात. बघू देत.”

औषधाचा दुकानदार आपली खुर्ची हळूच मागे सरकवू लागला. कार्यवाहांनी डोळे मिटून घेतले. बायको पदराच्या आड हसत होती आणि ते हसू तिच्या खुर्चीतून त्यांच्या खुर्चीपर्यंत येत होते.

मग प्रश्न सुरू झाले. ते थांबवावेत म्हणून कार्यवाहांनी राखणदाराला खूण केली, पण राखणदार स्वतःच हात वर करून उभा होता. पहिला प्रश्न पुढच्या रांगेतल्या एका बाईंचा आला. रात्री केलेले चालते का? त्यांचे यजमान रात्रीतून दोनतीनदा उठून जातात. भाऊजी म्हणाले, रात्रीसारखी वेळ नाही. पण त्यासाठी उठून जायची काय गरज, मी तर पलंगावर पडूनच करतो. हिची झोपमोड होते खरी, पण आता तिला सवय झाली आहे. ताईने अभिमानाने मान डोलावली. सगळ्या सभागृहाने ताईकडे पाहिले. इतकी सोशिक बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

औषधाच्या दुकानदाराने गोळ्या घेऊन केले तर कसे, असे विचारले. भाऊजी जरा घोटाळले. मग म्हणाले, केल्यावर डोके दुखून गोळी घ्यावी लागत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. बऱ्याच जणांनी ‘डोळे’ असे लिहून घेतले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

आणि मग अध्यक्ष उठले. ते उठले म्हटल्यावर बाकीचे हात खाली गेले.

“मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे,” अध्यक्ष म्हणाले. “माझं बरेच दिवस झालेलं नाही. खरं सांगू? समाधान वाटेल असं कित्येक वर्षांत झालेलं नाही. बसतो. रोज बसतो. पण होत नाही.”

एवढा मोठा माणूस चारचौघांत असे बोलला याचा परिणाम सभागृहावर झाला. भाऊजींवर तर फारच झाला. ते व्यासपीठावरून खाली उतरले, अध्यक्षांच्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांनी अध्यक्षांचे दोन्ही हात हातात घेतले.

“धीर सोडू नका,” ते म्हणाले. “हलक्यापासून सुरुवात करा. रोज झोपताना दोन पानं. बस.”

“कसली पानं?” अध्यक्षांनी विचारले.

“सोनामुखीची असतील,” औषधाचा दुकानदार मागून म्हणाला. “पण दोनानं काही होणार नाही.”

“सोनामुखी?” भाऊजी म्हणाले. “हा कुठला लेखक? मी पुस्तकाची पानं म्हणतोय.”

ध्वनिक्षेपकापासून दूर आल्यामुळे ही दोन वाक्ये अगदी स्वच्छ ऐकू आली. कोणीतरी दबक्या आवाजात विचारले की पुस्तकाची पाने चावून खायची की भिजत घालून? दुसरीकडे कोणीतरी हसले. भाऊजींच्या चेहऱ्यावरचा आनंद जागेवरच राहिला, पण त्यातला जीव गेला. त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली, मग आपल्या मेव्हण्याला शोधले. परीक्षेला चुकीच्या वर्गात बसलेल्या मुलासारखे ते दिसत होते.

कार्यवाहांनी गुरुवारवर पाणी सोडले आणि उभे राहिले.

“विषय वाचनाचा आहे,” ते म्हणाले. “वाचन. ‘व’. फलकावर ‘प’ पडला. अक्षर माझं, चूक माझी. भाऊजींचा यात काही दोष नाही, त्यांनी तो फलक बघितलेलासुद्धा नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं.”

कोणी जागचे हलले नाही, कारण सगळे अध्यक्षांकडे पाहत होते. अध्यक्ष सभागृहाच्या मधोमध उभे होते. त्यांचे हात अजून भाऊजींच्या हातात होते. आपण आताच काय काय बोललो याची त्यांच्या मनात एकदा उजळणी होत असावी, कारण त्यांचे कान हळूहळू तांबडे झाले. उद्या सकाळी ते कामावर जातील तेव्हा गवंड्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना त्यांच्या पोटाची हकिगत ठाऊक असणार होती. पण या माणसाने आजवर कितीतरी चुकलेल्या भिंती आराखड्यात तशाच होत्या म्हणून गळ्यात मारल्या होत्या.

“कार्यवाह, खाली बसा,” अध्यक्ष म्हणाले. “कसला ‘प’? आम्ही काय विषय न बघता येतो? मी वाचनाबद्दलच बोलत होतो.”

आणि त्यांनी सभागृहावरून एक नजर फिरवली.

मग पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या की त्यांनीही वाचनाबद्दलच विचारले होते. त्यांचे यजमान रात्री दोनतीनदा उठून वाचतात. यजमान शेजारीच होते. त्यांनी मान खाली घालून, हो, वाचतो, असे सांगितले. काय वाचता, असे भाऊजींनी उत्साहाने विचारले तेव्हा ते म्हणाले की तसे काही विशेष नाही, येईल तसे. औषधाच्या दुकानदाराने डोकेदुखीच्याच गोळ्या म्हटले होते, त्याला दुसऱ्या गोळ्या माहीतही नव्हत्या. बघता बघता त्या सभागृहात पोटासाठी आलेला एकही माणूस उरला नाही.

“म्हणजे तुम्ही सगळे वाचनासाठी आलात?” भाऊजींनी विचारले.

“मग काय,” अध्यक्ष म्हणाले.

भाऊजी साहित्याचे माणूस होते, त्यांना विश्वास ठेवायला निमित्तच हवे होते. त्यांनी अध्यक्षांचे हात आणखी घट्ट धरले आणि ते पुन्हा ध्वनिक्षेपकापाशी न जाता तिथूनच मोठ्याने म्हणाले, की ज्या गावात असा अध्यक्ष आहे तिथली ज्ञानसंध्या कोणी बंद पाडू शकणार नाही. टाळ्या पडल्या. त्या थांबेनात, कारण टाळ्या वाजवताना कोणाला काही विचारता येत नाही हे सगळ्यांच्या ध्यानात आले होते. अध्यक्षांना पाठ वळवून निघायला जागा नव्हती. गुरुवार कुठेही जात नाही, असे त्यांनी जाहीर केले, इतिवृत्तात घ्या म्हणून कार्यवाहांना बजावले, आणि भाऊजींना पुढच्या गुरुवारचे आमंत्रणही देऊन टाकले. ताई उठून उभी राहिली होती. ती रडत होती की हसत होती हे मागच्या रांगेतून कळत नव्हते.

“काय हो,” बायको म्हणाली, “लोक किती सुसंस्कृत आहेत.”

कार्यवाह उठून कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेले, कारण भाऊजींनी अध्यक्षांसाठी हलके काहीतरी आताच्या आता काढून द्या, असा हट्ट धरला होता. कपाट बऱ्याच वर्षांत उघडलेले नव्हते. सशाच्या गोष्टींचे एक पुस्तक सापडले, मोठ्या अक्षरांचे, दर पानाला चित्र असलेले. सगळ्यांच्या देखत अध्यक्षांनी ते दोन्ही हातांनी स्वीकारले आणि काखेत धरले.

माणसे पांगली. राखणदार खिडक्या लावू लागला. फाटकावरचा फलक उतरवायला कार्यवाह स्टुलावर चढले तेव्हा अध्यक्ष अजून तिथेच घुटमळत होते. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून ते जवळ आले आणि पुस्तक किंचित पुढे करून खालच्या आवाजात म्हणाले, “कार्यवाह, हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?”

कार्यवाहांनी आतड्याची गुंडाळी करता करता क्षणभर विचार केला.

“रिकाम्या पोटी,” ते म्हणाले. “सकाळी. फोन न घेता.”